दाजींची चढण

पाणवठा

"तोंड मिटा," मी म्हणालो आणि दाजींच्या तळहातावर एक चिंचोका ठेवला. "हा जिभेखाली धरायचा, श्वास नाकानं. वाटेत पडला तर परत इथनं सुरुवात."

दाजींनी तो बोटांत फिरवून पाहिला, गिऱ्हाइकानं आणलेलं बटण पाहावं तसा.

"आणि गिळला तर?"

"तर पोटात चिंच उगवंल. मग चढायचं कारणच न्हाई. लोकं तुमच्या सावलीला येऊन बसतील."

पाण्याला आलेल्या बायका हसल्या. दाजीही हसले, चिंचोका तोंडात टाकला आणि भैरीच्या डोंगराकडं तोंड करून चालायला लागले. पहिल्या बांधापर्यंतच त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला.

श्रीपतीदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, मालक. निपाणीला त्यांचं शिलाईचं दुकान होतं. जागेच्या मालकानं चाळ विकली, दुकान गेलं, आणि आमच्या वडलांनी आक्काच्या नावानं ठेवलेल्या खालच्या घरात दोघं राहायला आली. बैलगाडीत मशीन, मशीनवर गादी, गादीवर दाजी. उतरताना गाडीचं चाक हसल्यासारखं वर आलं, असं आक्काच सांगायची. जन्मभर बसून काम केलेला माणूस. पोट मशीनला टेकायचं, पाय फक्त पायटा हलवण्यापुरते.

आमच्या गावानं, धारवडीनं, त्यांना फार मान दिला. ही अडचण होती.

शेजारच्या म्हशीनं एकदा दाजींचा वालाचा वेल मुळासकट खाल्ला. शेजारी टोपलीभर वांगी घेऊन माफी मागायला आला. दाजींनी वांगी ठेवून घेतली आणि संध्याकाळी माझ्यापाशी येऊन बसले. म्हणाले, "निपाणीत असता तर म्हणाला असता, वेल माझ्या म्हशीच्या वाटंत लावलासच कशाला. केरबा, या गावात माझ्याशी कोण भांडत न्हाई रे."

मी म्हणालो, चांगलंच आहे की.

"चांगलं कसलं? पाहुण्याशी कोण भांडंल?"

धारवडीत राहायला आलेला माणूस गावचा कधी होतो, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पण सगळ्यांना माहीत होतं. शिमग्याआधी गावाची पारध निघायची. प्रत्येक चुलीमागं एक माणूस डोंगरावर जायचा. काही जण खालून हाका घालत रान उठवायचे, बाकीचे वर डोंगराच्या धारेवर आपापल्या जागा धरायचे. डुक्कर पडलं की ओढ्याकाठी त्याचे वाटे व्हायचे, चुलीमागं एक, कच्चे, पानात बांधलेले. ज्याच्या घरी पारधीचा वाटा शिजला, ती चूल गावची.

दाजींना तो वाटा हवा होता. मटणाची त्यांना आवड नव्हती, जास्त खाल्लं की पोट दुखायचं. पण आपल्या घरी तो एकदा शिजावा.

पारधीचे म्होरके सातापामामा. मी त्यांना जाऊन विचारलं. त्यांनी विडीचं थोटूक विझवलं आणि म्हणाले, "येऊ देत की. धूर दिसतोय म्हंजे चूल हायच. आता डोंगर काय म्हणतोय बघू."

देवराई

डोंगर काय म्हणणार होता ते सांगायला हवं.

देवराई ओलांडली की घसारा, सुट्या दगडमातीचा उतार. घसाऱ्यावर एक दगड. वाटेत आडवा, उभ्या माणसाच्या छातीला लागेल एवढा, वरून गुळगुळीत. दोन्ही बाजूंना कडा, त्यामुळं वळसा नाही. गावचा माणूस त्या दगडावर आपल्या हातापायांनी चढायचा. सोबत परगावचा कोणी असला तर आधी वर गेलेला माणूस वाकून त्याला हात द्यायचा. त्यात कमीपणा नव्हता, उलट अगत्य होतं. आंघोळीला गरम पाणी काढावं तसं. पण ज्यानं त्या दगडावर हात घेतला तो पाहुणा. आणि पाहुण्याची चूल दुसऱ्या गावात असते, त्याला वाटा कसा बांधून देणार?

हे मी दाजींना पहिल्याच दिवशी सांगितलं. ते देवराईत एका मुळावर बसले होते. चिंचोका केव्हाच पडला होता, त्यांनी तो माझ्यापासून लपवून पायाखाली धरला होता.

"म्हंजे तुला माझं पोट त्या दगडावर चढवायचंय."

"पोट खाली ठेवून आला तरी चालंल."

त्यांनी ते मनावर घेतलं. सकाळचा गुळाचा चहा सोडला. भात सोडला, नाचणीची भाकरी आणि पालेभाजी. जेवण झाल्यावर आडवं व्हायची सवय होती, ती मोडायला आक्कानं घोंगडंच उचलून ठेवलं. मशीनवर बसायच्या आधी दारात उकिडवं बसून दोन्ही टाचा जमिनीला टेकवायच्या, हे मीच सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यात ते दर वेळी मागं कलंडायचे आणि पाठीवर पडल्या पडल्या गिऱ्हाइकाशी कापडाचं बोलायचे.

रोज उजाडताना मी खालच्या घराच्या दारात उभा राहायचो. हाक मारायची गरज नसायची. आधी अनवाणी चालवलं, कारण बुटातल्या माणसाला दगड कळत नाही. मग पाठीवर पोतं दिलं, त्यात ओढ्यातले गोटे. आठवडा संपला की गोटे वाढवायचो. एकदा मी विसरलो तर दाजींनी स्वतःच वाढवले होते. मला ओढ्याच्या पुढं कळलं, पोत्याचा आवाज बदलला होता.

किती उतरले हे सांगायला काटा नव्हता. दाजी आपली विजार आत घ्यायचे. जुनी शिवण उसवायची, नवी घालायची, कापलेली पट्टी फेकायची नाही. त्या पट्ट्या मशीनच्या खणात साठत गेल्या. आक्का म्हणायची, "माझ्या म्हायारच्या डोंगरानं माझा नवरा खाल्ला, आता हाडं तेवढी राहिली."

बोलायची अशी, पण तिनं गुपचूप पाथरवट बोलावून पाट्याला टाकी लावून घेतली होती. आक्काचा पाटा गुळगुळीत झाला होता, मसाला नीट वाटला जायचा नाही. पारध अजून लांब होती.

घसारा

चढ माणसाला दमवतो, उतार गुडघे काढतो. म्हणून मी त्यांना घसाऱ्यावर जास्त वेळ ठेवलं. टाच आधी रोवा, अंग मागं टाका, मागं रेलायला भिऊ नका. ते भ्यायचे आणि पुढं वाकायचे आणि मग बसूनच खाली यायचे, धुरळ्यात, दोन्ही हात वर करून. संध्याकाळी विजारीची बैठक शिवताना दिसायचे. एका विजारीला इतकी ठिगळं झाली की ते म्हणाले, आता ही फाटणार नाही, हिच्यात कापडच उरलं नाही.

घसाऱ्यावर आम्ही खूप बोललो. म्हणजे ते बोलायचे, उतरताना, कारण उतरताना चिंचोक्याची माफी होती. निपाणीच्या दुकानातल्या गोष्टी. ते लहान असतानाच वडील वारले, तेव्हा त्यांना कुणी आणि कसं घरी आणलं. आक्काला मूल झालं नाही तेव्हा त्यांच्या घरचे दुसरं लग्न कर म्हणाले होते आणि त्यांनी घर सोडलं होतं, हे मला त्या घसाऱ्यावर कळलं. आक्कानं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या पुढं जाऊन एक सुटा दगड पायानं बाजूला केला.

दगडापाशी सुरुवातीला मी वरून हात द्यायचो. सरावाला कोण बघतंय. मग हात देणं बंद केलं आणि वर नुसता बसून राहायचो. त्यांना डावीकडची खाच दाखवली, तिथं अंगठा रोवायचा, मग गुडघा, मग पोटावर सरकायचं. पहिल्यांदा जमलं तेव्हा ते दगडावर पालथे पडून राहिले. मी थांबलो. बऱ्याच वेळानं मान वळवून म्हणाले, "गार लागतोय रे."

पुढं पुढं ते माझ्या आधी वर जायला लागले.

दगड

इथलं नंतर सांगतो. आधी वरचं.

वर

धारेवर दाजींना कारवीच्या झुडपांच्या तोंडाशी जागा मिळाली. मामांनी त्यांना सांगितलं होतं, जनावर आलं तर पळायचं नाही, ओरडायचं. बंदूक मामांकडं, ठासणीची, एका बारानंतर पुन्हा भरायला वेळ घेणारी. खालून हाका आल्या, डबे वाजले, कुत्री भुंकली. कारवी हलली आणि डुक्कर निघालं ते थेट दाजींच्या अंगावर.

मी पलीकडच्या टेपाडावर होतो. मला दाजी दिसत होते. त्यांनी दोन्ही पाय रोवले, अंग मागं टाकलं आणि असा आवाज काढला की पुढं बरेच दिवस पोरं त्याची नक्कल करत होती. डुक्कर आडवं वळलं, मामांच्या समोर आलं आणि पडलं.

ओढ्यावर सगळे दाजींभोवती जमले. कोणी त्यांची पाठ थोपटली, कोणी तंबाखू पुढं केली. मामा म्हणाले, आज जनावर ह्यांच्यामुळं गावलं. आणि ते खरं होतं. मग शेकोटी केली, काळीज भाजलं, मीठ लावलं. कुंभ्याच्या पानावर पहिला तुकडा ठेवून मामांनी दोन्ही हातांनी तो दाजींच्या पुढं धरला. पाहुण्याला काळीज देतात, पहिलं, तिथंच, गरम. त्यापेक्षा मोठा मान पारधीत नाही.

दाजींनी पान कपाळाला लावलं. सावकाश खाल्लं. मीठ बेतशीर पडलंय म्हणाले.

पलीकडं वाटे चालले होते. एकेकाचं नाव घेऊन पानं बांधत होते. माझं नाव आलं, मी उठून वाटा घेतला. दाजी शेकोटीजवळ बसून बघत होते. सगळी पानं संपली. कोणी काही वाईट केलं नव्हतं, कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. परत येताना दोघं जण त्यांच्या पुढंमागं चालले, त्यांना काटा लागू नये म्हणून.

आक्का दारात होती. तिनं दाजींचे हात पाहिले, मग माझ्या हातातलं पान पाहिलं. दाजी म्हणाले, "लई मान दिला गं. पहिलं काळीज मला दिलं." ती म्हणाली, "व्हय का? पाय धुवा." मी पान तिच्यापुढं केलं, यातलं अर्धं घे म्हणालो. तिनं ते घेतलं नाही. आत गेली.

थोड्या वेळानं ती आमच्या घरी आली. हातात वाटी, वाटीत ताजा वाटलेला मसाला, गच्च भरून. खोबरं, धने, तीळ सगळं एकजीव झालेलं.

माझ्या बायकोच्या हातात वाटी देत ती म्हणाली, "वाटून ठेवला हुता. वाया जाईल."

दगड

आम्ही रांगेत होतो. पुढं सातापामामा, मग मी, माझ्यामागं दाजी, त्यांच्यामागं सगळं गाव. मी दगडावर चढलो आणि मागं वळलो. दाजी खाली आले. डावा अंगठा खाचेत गेला. गुडघा वर आला.

आणि ते थांबले.

मान मागं वळली होती, खालच्या दरीकडं. तोंड जरासं उघडलेलं. मला वाटलं चक्कर आली. वाटलं, इतके महिने चढवलं आणि आता गावासमोर हे पडणार, बाजूला कडा आहे.

मी वाकलो आणि हात पुढं केला.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग हाताकडं. मागं सगळे उभे होते, कोणी खोकलं. दाजींनी माझा हात धरला. त्यांच्या हातात काहीच जोर नव्हता, मला ओढावं लागलं नाही. ते आपल्याच गुडघ्यावर वर आले, नुसता हात माझ्या हातात ठेवून.

मामा वरून बघत होते. "या, पाहुणं," ते म्हणाले. फार प्रेमानं म्हणाले.

खाली

पुढच्या वर्षी दाजी पुन्हा आले. माझी गरज नव्हती, ते एकटेच सराव करायचे. दगडापाशी वर चौघं वाकून उभे होते, प्रत्येकाचा हात पुढं. आदल्या वर्षी ज्यानं डुक्कर वळवलं त्याला हात द्यायला चढाओढ. मी मुद्दाम मागं राहिलो होतो. दाजींनी त्यातल्या त्यात म्हाताऱ्याचा हात धरला. त्यानंतर ते आले नाहीत. पुढं कायदा झाला, पारध बंद पडली, वाटे बंद पडले. गावचा माणूस कसं व्हायचं त्याची वाटच राहिली नाही.

दाजी अंगानं मात्र तसेच राहिले, सडसडीत. उजाडताना त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं मी सोडून दिलं. कारण उरलं नव्हतं. खरं तर बिनकारणाचंही जाता आलं असतं.

माझ्या लेकीच्या लग्नाला त्यांनी माझा कोट शिवला. मापं घेताना मी दोन्ही हात पसरून उभा होतो, ते पाठीमागं, तोंडात टाचण्या. टाचण्या काढल्याशिवाय बोलायचे नाहीत. त्या दिवशी काढल्या.

"केरबा, तुला त्या दिवशी काय वाटलं रे? दगडावर?"

इतक्या वर्षांत आम्ही कधी त्यावर बोललो नव्हतो. मी म्हणालो, तुम्हाला चक्कर आली असं वाटलं.

"चक्कर न्हवती आली."

त्यांनी माझ्या खांद्यावर फीत धरली, आकडा पाहिला, लिहिला नाही.

"तिथनं घर दिसतं. खालचं. सरावाला जायचो तवा धुकं असायचं, कधी दिसलं न्हाई. त्या दिवशी ऊन पडलं हुतं. आपलं घर, दारात तुझी आक्का, काय तरी वाळत घालत हुती. म्हटलं, बघून घ्यावं. वर गेल्यावर गडबडीत ऱ्हाईल."

मला हात खाली घ्यायचे होते. त्यांनी कोपराला बोट लावून ते तसेच धरून ठेवले.

"मग धरलासा कशाला माझा हात? सोडायचा हुता," मी म्हणालो.

"सगळ्या गावासमोर तू हात पुढं केलास. तो झटकायचा व्हय? तुझी मान खाली गेली असती." मग टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या आणि त्यांच्याआडून म्हणाले, "मेव्हणा हायस. हाल, वळ आता."

तो कोट मी लग्नात घातला. नीट बसला होता. अजून आहे.

दाजी गेले ते मार्गशीर्षात, सकाळी, मशीनवर. सातापामामा तोवर राहिले नव्हते. त्यांचा थोरला मुलगा सगळ्यात आधी आला. चांगला मुलगा, अंगात दाजींनीच शिवलेला सदरा. आक्काच्या पाया पडला, मग मला बाजूला घेऊन अगदी हळू, अदबीनं विचारलं, "काका, पाहुण्यांना निपाणीला न्यायचं असंल न्हवं? माझी गाडी हाय. आत्ता निघालो तर दुपारपतोर पोचू."

मी म्हणालो, इथंच. तो लगेच बरं म्हणाला.

धारवडीत माणूस गेला की घराघरातून एकेक लाकूड येतं. कोणी सांगायला लागत नाही, बाप्ये खांद्यावर टाकून ओढ्यावर येतात. पाहुणा गावात वारला तर तशी रीत नाही. त्याचं सरण ज्याच्या घरी तो आलेला असतो त्यानं रचायचं, दुसऱ्यानं त्यात लाकूड घालणं बरं दिसत नाही.

गाव सगळं आलं. एक माणूस घरी थांबला नाही. बायका रडत होत्या, मनापासून रडत होत्या. बाप्ये ओढ्याच्या काठानं उभे राहिले, टोप्या काढून, रिकाम्या हातांनी.

मी परड्यातून लाकडं आणत होतो. पावसाळ्यासाठी रचून ठेवलेली लाकडांची उलव संपली. मग गोठ्याचा जुना वासा काढला.